सख्याची बंदूक

"ही आमच्या सख्याची," म्हणत गुणाजीनं ट्रंकेतून गंजलेली टिकल्यांची बंदूक काढली. जुनी खेळणी जमवत मुंबईहून थेट निडी गावापर्यंत आलेल्या पाहुण्यानं ती रुमालावर घेतली. "दिवाळीत दोन दिस उडवली. भाऊबीजेला शेतात पान लागलं, सापाचं विष चढलं. आठ वर्षांचा व्हता." गुणाजीनं डोळे पुसले. पाहुण्यानं बंदूक नाकाशी धरून हुंगली, "टिकल्यांचा वास अजून आहे हो!" ते ऐकून गुणाजीच्या बायकोनं, गिरजाबाईनं तोंड फिरवलं. पाहुण्याला वाटलं, आईचं काळीज. त्यानं घासाघीस न करता बंदूक घेतली आणि जाताना तिच्या पाया पडला.

गाडी वळणाआड गेली तशी गिरजाबाई अंगणात पचकन थुंकली. "जीभ झडत नाय तुमची?"

"तू नुसती उभी नको राहूस. दोन टिपं गाळ की गो," म्हणत गुणाजी मागच्या पडवीत गेला आणि मिठाच्या पाण्यात भिजत घातलेल्या नव्याकोऱ्या बंदुका किती गंजल्या ते बघू लागला.

तेवढ्यात डोलवीच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून सखा घरी आला. दारात बूट काढताना त्यानं हसत विचारलं, "आये, आज कशानं मेलो गो मी?"