ओल किती खोल

येळवशीची, म्हणजे वेळा अमावास्येच्या सणाची, आंबील पिऊन झाली, शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचं पातेलं रिकामं झालं, तसा माणिकप्पा कडब्याच्या कोपीतून बाहेर आला आणि हात धुता धुता त्यानं हुकूम सोडला.

"उद्या तांबडं फुटलं की बैलं करडईत सोडा."

सून रत्नम्मा पातेलं घासत होती. तिचा हात थांबला.

त्या रानात हिरवं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. पावसानं असा दगा दिला होता की शाळू गुडघ्याएवढा झाला आणि उभ्या उभ्या करपला. करपलेला शाळू ओला खाल्ला तर बैलाला बाधतो, म्हणजे आजच्या घडीला तोही बिनकामाचा. कडेला करडईचे थोडे पट्टे तग धरून होते. ते रत्नम्माचे, सासऱ्याच्या मर्जीविरुद्धचे. ती करडई गेली तर वर्षभर घरात तेलाचा टिपूस नाही.

"मामा, करडई जगंल," ती म्हणाली.

"कशाच्या जिवावर गं? भेगेत कोपरापत्तुर हात घालून बघितलाय मी. फुफाटा हाय नुसता. आठ दिसात ही बी वाळंल. त्यापरीस बैलाच्या पोटात जाऊ दे." मग कोपीकडं वळून तो म्हणाला, "लातूरचा नवा जिल्हा झाला म्हणं, बाई. पाऊस काय उस्मानाबादलाच राहिला!"

बाई म्हणजे गावच्या शाळेतल्या सिंधुबाई. ज्याला शेत नाही त्याला येळवशीला आपल्या शेतात जेवायला न्यायचं, ही इकडची रीत. म्हणून त्या आल्या होत्या, आणि त्यांच्यामागं चौथीच्या पाच-सहा पोरी. त्यात रत्नम्माची लेक गुरम्माही होती.

"अप्पा, कोपराच्या खाली काय आहे ते खणून बघू या की," बाई म्हणाल्या.

माणिकप्पाचे डोळे मोठे झाले. "आज? आत्ता काळ्या आईची वटी भरली अन् लगेच तिला कुदळ मारू? शिकलेल्या माणसानं असं बोलावं व्हय?"

बाईंनी जीभ चावली. येळवशीला रानात कुदळ लावत नाहीत, हे गावातलं शेंबडं पोर सांगेल. आणि उद्या खणायचं तर उद्या पहाटेच बैलं सुटणार. आता आली का पंचाईत!

"बाई, चर हाय की," गुरम्मा म्हणाली. "मागल्या महिन्यातच खणलाय."

खरंच की! रोजगार हमीच्या माणसांनी रानाच्या तोंडाशी छातीइतका खोल चर आडवा खणून ठेवला होता. पोरी पळत सुटल्या आणि धपाधप आत उतरल्या. माणिकप्पा काठावर उभा राहिला, हात मागं बांधून.

"हात लावा, कुदळ नको," बाईंनी बजावलं. आधी त्यांनी शाळूच्या खालची भिंत खरवडायला लावली. मुळांचा झुबका निघाला आणि हातभर खाली जाऊन विरळ झाला. "ही तंतुमुळं. सगळी एका जागेवरून फुटतात, आजूबाजूला पसरतात, माती धरून ठेवतात. पाऊस आला की पहिला घोट ह्यांचा. पण वरची ओल संपली की?"

"शाळू उपाशी!" पोरी ओरडल्या.

"आता इकडं या. करडईखाली."

गुरम्मानं नखांनी माती काढायला सुरुवात केली. एकच मूळ, बोटाएवढं जाड, सरळ खाली गेलेलं. बाजूला बारीक फाटे होते, पण मूळ काही वाकडं जायला तयार नव्हतं. हे सोटमूळ, बाई म्हणाल्या. पीठ सरलं तर पिठाच्या डब्याशी रडत न बसता कणगीकडं जाणारं. गुरम्मा उभी होती ती वाकली. वाकली होती ती बसली. शेवटी पालथी पडून खरवडू लागली, परकराचं पार वाटोळं झालं, आणि मूळ चालूच! आता ते दोऱ्याएवढं झालं होतं.

"बाई, हितली माती गार लागायली."

एवढं ऐकलं आणि माणिकप्पानं धोतराचा सोगा खोचला. सत्तरीचा माणूस, कुणाचा हात न धरता चरात उतरला. पोरींना बाजूला सारून त्यानं मुळाच्या टोकाची चिमूट चिमूट माती काढली आणि मुठीत दाबली. ओल बघायची ती त्याची आयुष्यभराची पद्धत. मूठ उघडली तर मातीचा लाडू झालेला. त्यानं तो कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडला.

लाडू फुटला नाही.

काठावर रत्नम्मानं पदर तोंडावर घेतला. रडू नव्हतं ते. तिला हसू आवरत नव्हतं. जिंकली होती ती, आणि सासऱ्यासमोर ते दाखवायची सोय नव्हती.

"मामा, बैलं?" तिनं कसंबसं विचारलं.

"शाळू काप, चांगला वाळव, त्योच घालू. करडईत एक बी जनावर दिसलं तर माझ्याशी गाठ हाय!" माणिकप्पा चरातूनच ओरडला. मग त्यानं करपलेल्या शाळूवरून एक नजर फिरवली आणि त्याचा राग उसळला. "अन् तू गं? चारच पट्टे काहून पेरलीस? सगळं रान पेरायला काय धाड भरली व्हती?"

रत्नम्मानं पदर खाली घेतला.

"तिफण तुमी हाकत व्हता, मामा. मागून चाड्यात करडई मी सोडत व्हते. पाचव्या फेऱ्याला तुमी मागं वळून बघितलंत."