फुलांमागं माणूस पायजे

“मामा, खरं सांगायचं हं. तुमी फुलांच्या नावाखाली माझेच फोटो काढताय का?”

हे विचारायची पैज शाळेतल्या मैत्रिणींनी लावली होती, आणि पैज म्हटल्यावर चंद्रा मागं हटणार नव्हती. बनूनं तर पेरू कबूल केले होते. बनूचा संशय पक्का होता. तिच्या चुलतबहिणीचा असाच तुळशीपाशी फोटो काढला आणि महिन्याभरात सुपारी फुटली.

नानासोमामांनी पोटाशी धरलेल्या कॅमेऱ्यातनं मान वर केली नाही.

“फिल्म काय झाडाला लागती व्हय, तुझं नाक टिपायला? छत्री सरळ धर. फुलावरची सावली हालतीया.”

‘नाही’ असं काही ते म्हणाले नाहीत.

शेहेचाळीस सालचा तो हिवाळा! तसे रविवार पुन्हा आले नाहीत. मामा लढाईवरून परतले ते कॅमेरा घेऊनच. मिसरच्या वाळवंटात, लष्करी इस्पितळात त्यांनी चार वर्षं काढली होती. “हिरवं बघायला डोळं तरसलं हुतं,” म्हणायचे. आता विश्रामबागेतनं सायकल हाणत ते आष्ट्याला यायचे, भाचीला मागं बसवायचे, आणि दोघं फुलं हुडकत शिवारं पालथी घालायची. दांडीला छत्री, फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. फोटो काळेपांढरेच यायचे, म्हणून कुठल्या फुलाचा रंग कुठला ते चंद्रा मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहायची.

घरात मात्र वेगळंच शिजत होतं. दिवाळी झाली आणि मध्यस्थ येऊन बसला. स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहून चंद्रानं तिन्ही स्थळं नावागावासकट ऐकली.

“तिन्ही घरं तोलामोलाची,” आबा म्हणाले. “पाव्हणं पोरगी बघून जाऊंद्यात. ज्याला पसंत पडंल त्याला दिऊन टाकू. वैशाखात उरकायचं.”

“आनि तिची साळा?” आईनं हळूच विचारलं.

“मॅट्रिक हून काय मामलेदार व्हायचीया?”

मॅट्रिकला सव्वाच वर्ष उरलं होतं. चंद्रा रडली नाही. रविवारी मामा यायच्या आधीच ती चपला घालून दारात उभी राहायची, एवढंच.

पैजेचा प्रश्न विचारून झाला, पेरू जिंकून झाले, आणि तिनं विषय बदलला. “मामा, बागणीला करडई फुललीया म्हणं. जाऊया?”

बागणीचं ते रान पिवळंधमक झालं होतं. मालकाचा पोरगा बांधावरच उभा होता, फेटा बांधून. चंद्रानं एक डोळा मिटून मोठ्या जाणत्यासारखं बघितलं.

“नुसतं फूल सपाट दिसतंय, मामा. फुलांमागं माणूस पायजे. आवं, जरा चालून दाखवता का?”

पोरगा छाती काढून चालला. नजर कॅमेऱ्याकडं, पाय करडईत. चार झाडं आडवी झाली.

“आनि ह्या फिल्मच्या डबीवर काय लिवलंय तेवढं वाचा की. मला छत्री सोडता येईना.”

“बाईमाणसाम्होरं वाचायला मी काय बिगारीत हाय?”

“बरं. फोटो कसा आला ते कळवू,” चंद्रा म्हणाली.

वाटेत मामा उगाच खोकत राहिले.

पुढच्या रविवारी बावचीला जवस. निळं निळं, वाऱ्यानं हलणारं. तिथला पोरगा बांधाला दगड लावत होता. चालायला सांगितल्यावर लाजला, पण एकेक पाऊल रोपं चुकवून टाकलं. फूल हातात धरा म्हटलं, तर देठ न मोडता त्यानं खालनं नुसती ओंजळ धरली. तळव्यांवर घट्टे होते. डबीवरची दोन अक्षरं कशीबशी लावली आणि थांबला.

“ह्याम्होरलं येत न्हाई मला. तुमाला येतंय?”

चंद्रानं धडाधडा वाचून दाखवलं. तो ऐकत राहिला.

“कितवीला हाय?”

“पुढल्या साली मॅट्रिक.”

“आमच्यात कुनीच न्हाई शिकलं एवढं. लय ब्येस,” म्हणाला आणि परत दगडांकडं वळला.

फोटो कसा आला ते कळवू, असं म्हणायचं चंद्रा विसरलीच. अर्ध्या वाटेवर आठवलं.

तिसऱ्या खेपेला वाळव्याला उसाचे तुरे. तिथल्या पोरानं डबीवरचं इंग्रजी फाडफाड वाचलं. हात लोण्यासारखे होते. म्हाताऱ्या गड्याला “खुर्ची आण रं!” म्हणून पिटाळलं, आणि म्हणाला, “माझ्या एकट्याचाबी काढा.”

“कळवू हं,” चंद्रा म्हणाली.

शाळेत बनू मान हलवत होती. “बघ तू. तुझाच फोटो कुठंतरी पोचला आसंल. बसून राहा फुलं हुंगत.”

संक्रांत झाली आणि मामा फोटो धुऊन घेऊन आले. आबा सोप्यात बसले होते, आई दाराशी तांदूळ निवडत होती.

“बुधवारी पाव्हणं येत्यात पोरगी बघायला,” आबा म्हणाले. “बागणीचं पैलं.” मग त्यांनी फोटो हातात घेतले. “फुलं बरी आल्यात. पर ही मागं मानसं कशाला घातलीस रं, नानासो?”

मामा एकदम सायकलचं चाक तपासायला लागले.

चंद्रानं आबांच्या हातातले तिन्ही फोटो घेतले. दोन बाजूला सारले, आणि एक त्यांच्यासमोर धरला.

“आबा, पाव्हण्यांना येऊ नका म्हणून सांगा. तिघंबी पोरं बघून झाल्यात, चालून झाल्यात, वाचून झाल्यात, हातबी बघितलं. हा जवसातला मला पसंत हाय, मॅट्रिकपतूर थांबत आसंल तर तसं कळवा!”