भागवतची फुप्फुसं

भागवतला जाऊन वर्ष झालं होतं, पण त्याची फुप्फुसं प्रयोगशाळेतल्या पडद्यावर अजून श्वास घेत होती. त्याच्या शेवटच्या स्कॅनवरून ती संगणकात उभी केली होती. नवी औषधं आधी त्यांच्यावर तपासत. त्याची आई, हौसाबाई, दर गुरुवारी बघायला यायची.

आज खडी फोडताना छातीत गेलेल्या धुळीचे पांढरे डाग दिसत नव्हते.

"औषध लागू पडलं, मावशी," तिथली संशोधक निखत म्हणाली.

"मग आता असाच राहू दे त्याला."

निखतनं नजर चुकवली. "कमी डोस तपासायचाय. त्याला परत आजारी करावं लागेल."

हौसाबाईनं खुर्ची पुढे ओढली.

"कर," ती म्हणाली, आणि पडद्याची पाठ हलक्या हातानं चोळू लागली.