लपाछपीत न सापडलेली
माझ्या रहस्यकादंबरीवर सह्या करत होते. उन्हाळी शिबिरात नाहीशा झालेल्या मुलीची गोष्ट. ती मुलगी म्हणजे शलाका, हे कुणालाच सांगितलं नव्हतं. शिबिराच्या शेवटच्या संध्याकाळी लपाछपीत राज्य माझ्यावर होतं. बाकी सगळ्या सापडल्या, ती नाही. घाबरून मी कुणाला विचारलंच नाही. त्याला तीस वर्षं झाली.

पाठीत सणसणीत थाप बसली. “धप्पा.”

मागे चाळिशीतली बाई उभी होती, गालावर तीच खळी. “टाकीमागे लपले होते गं. बाबा न्यायला आले आणि तिथूनच स्कूटरवर बसवलं. तू मात्र मला तिसऱ्याच प्रकरणात मारलंस.”

मी हसत-रडत सही करायला गेले, तर तिने पेन काढून घेतलं. “सही नंतर. राज्य परत तुझ्यावर. डोळे मीट.”

मी मिटले, पण तिचा हात सोडला नाही.