बारा पावलं

शाळेच्या फाटकापासून बारा पावलांवर ज्ञानेश्वरी थांबली. रोज तिथंच थांबायची. तिसरीतली पोर, पाठीला दप्तर, वेण्यांना लाल फिती, आणि पाय जमिनीत रोवल्यासारखे.

तिचा बाप धनाजी मागून मोटारसायकल मुंगीच्या पावलानं चालवत आला. गाडीवर बसवून आणलं तर ती फाटकाशी उतरतच नसे, म्हणून घरापासून अशी पुढे घालून आणायची. धनाजी नळदुर्गच्या एका कॉलेजात शिपाई होता. दुसऱ्यांच्या पोरांसाठी रोज घंटा वाजवायची आणि आपली पोर फाटकातून आत जात नाही, हे त्याला फार लागलं होतं. समजावून झालं, खाऊ झाला, पोटदुखीचं औषध झालं. आजी म्हाळसाबाईनं मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. दोनदा त्यानं तिला खांद्यावर टाकून वर्गात नेलं, दोन्ही वेळा ती ओकली. रविवारी मात्र पोट दुखत नाही हे ध्यानात आलं आणि धनाजीनं निदान करून टाकलं : सोंग.

आज तो शाळेचा दाखला काढायला आला होता. उद्यापासून पोरगी आजोबांबरोबर मेंढरांमागे जाणार. म्हणून ते आजोबा, सिदूआबा, खांद्यावर घोंगडं टाकून सोबत चालत आले होते.

तिच्या वर्गाच्या दैवशाला मॅडम हजेरीपट घेऊन वर्गाकडं निघाल्याच होत्या. यांना पाहून तशाच फाटकाबाहेर आल्या.

"धनाजीभाऊ, दाखल्याची घाई करू नका. गुरुवारी तालुक्याच्या दवाखान्यात मुलांच्या मनाच्या डॉक्टर येतात. मी येते तुमच्यासंगं."

"माझी पोर येडी न्हाय, मॅडम."

"येडी कोण म्हणतंय? तिला भीती बसलीय. होतं असं काही मुलांना."

"भ्यायला काय हाय हितं? तुमी मारता का?"

"नाही."

"पोरं मारत्यात?"

"मी सगळ्यांना विचारलं. कुणी काही करत नाही."

"मग झालं की. सोंगच हाय."

सिदूआबा यात पडले नाहीत. ते नातीजवळ जाऊन उकिडवे बसले आणि तिच्या काखेखालून बरगड्यांवर हात ठेवून बघू लागले. लांडगा रात्री वाघरीला, मेंढरांभोवतीच्या जाळीला, हुंगून गेला की सकाळी एखादं मेंढरू अंगानं धड दिसतं, पण पाऊल टाकत नाही. अशा मेंढराला काठी लावण्याआधी पुढच्या पायामागे हात घालून त्याचं काळीज बघायचं, ही त्यांची रीत. धनाजीलाही त्यांनी ती लहानपणी शिकवली होती. पण नोकरी लागली, मेंढरं सुटली, रीतही सुटली.

"धना, गाडी बंद कर. इकडं ये."

"आबा, मला उशीर हुतोय."

"हात दे."

धनाजी कुरकुरत वाकला. म्हाताऱ्यानं त्याचा तळवा धरून पोरीच्या बरगडीवर ठेवला आणि वरून आपल्या हातानं दाबला.

धनाजीची कुरकुर थांबली. तळव्याखाली पोरीचं काळीज नुसतं पळत होतं. बरगडी एवढीशी, आणि आतून धडकांवर धडका. चेहरा बघावा तर दगडासारखा शांत. इतकं धडधडणारं जनावर त्यानं आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, लहानपणी, माकणीच्या धरणाकडं. ते मेंढरू बसलं ते दिवसभर उठलंच नव्हतं.

"कधीपासनं हुतंय गं असं?" त्यानं विचारलं.

"घरनं निघाल्यावर."

"आज?"

"रोज." ज्ञानेश्वरी फाटकाकडेच बघत होती. "तरी म्या इथपतूर येते, पप्पा."

धनाजीनं मागे वळून पाहिलं. घर इथून दिसत नव्हतं. मारुतीचं देऊळ, पिठाची गिरणी, हायवेखालचा बोगदा, त्यापलीकडं वस्ती. एवढी वाट ही पोर दोन महिने रोज हे काळीज घेऊन तुडवत होती आणि तो मागून हॉर्न वाजवत होता. त्यानं मोजली होती ती उरलेली बारा पावलं. आपली छाती अशी उडत असती तर आपण घराचा उंबरासुद्धा ओलांडला नसता, हे त्याला लख्ख कळलं. आठ वर्षांच्या लेकीपुढे तो गुडघ्यावर बसला.

"माझ्यामागं काय, यील ती," सिदूआबा म्हणाले. "पण रानात आलं म्हणून हे काळीज थांबतंय व्हय? दाखला ऱ्हाऊ दे."

धनाजीनं मान हलवली. "मॅडम, गुरुवारी किती वाजता यायचं?"

"नऊला निघू."

ज्ञानेश्वरीनं बापाकडं पाहिलं, मग फाटकाकडं. आणि एक पाऊल टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं. धनाजी तिच्या बरगडीवरचा हात न काढता गुडघ्यावरच पुढे सरकला.

"बास," सिदूआबा हळूच म्हणाले. "आज एवढं लई झालं."

आत प्रार्थना संपून पोरं वर्गात शिरत होती. दैवशाला मॅडम दोन पावलं पुढे आल्या आणि तिथंच मातीत मांडी घालून बसल्या. हजेरीपट मांडीवर उघडला, पेनाचं टोपण काढलं.

"ज्ञानेश्वरी धनाजी बनगर."

पोरीचे ओठ हलले. मॅडमना ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी नावापुढं खूण केली. धनाजीला मात्र ते "हजर" आधी तळव्याला लागलं, मग कानाला.