दुपट्यातली सुई

सुदर्शनने सुई सतरंजीवर ठेवली आणि जुन्नरच्या त्या पत्र्याच्या शेडमधल्या अकराही शिवणाऱ्या बायकांनी माना खाली घातल्या.

"पुण्याच्या दुकानातून परत आलीय. बाळाच्या दुपट्यात सापडली," तो म्हणाला. "अजून एक सापडली, तर ते आपला माल ठेवणार नाहीत."

बायकांच्या या संस्थेची विक्री तोच बघायचा. कंपन्यांच्या पापडांपुढे संस्थेचे पापड टिकेनात, म्हणून २००२च्या दिवाळीनंतर बायकांनी दुपटी शिवायला घेतली होती. मऊ सुती लुगड्यांची, हातटाक्याची. माल हातोहात खपत होता. आता सुदर्शन म्हणत होता, दुपटी बंद करू, मशीनवर पिशव्या शिवू. मशिनी होत्या चार. उरलेल्या सात जणींनी काय करायचं, ते त्याने सांगितलं नाही.

"पिशव्या कुणाला हव्यात?" संचालिका नसीमताईंनी विचारलं. एकही हात वर झाला नाही.

"मग सुई जाणार नाही, याची हमी कोण घेतंय?" नसीमताईंनीच पुढे विचारलं.



"मी घेते," कोपऱ्यातून येडगावची ठकूबाई म्हणाली.

पापडाच्या दिवसांत ती उडदाच्या डाळीतले खडे वेचायची. मग डोळे गेले, पापडही गेले. तरी रोज पहिल्या एसटीने ती येऊन बसायची. घरी बसून खाल्लेला घास तिच्या घशाखाली उतरत नसे.

"आगं मावशे, तुला कुठं दिसतंय?" सारजाबाई म्हणाली.

"तुमा सगळ्यांस्नी तर दिसत व्हतं न्हवं? मंग सुई गेली कशी?"

सगळ्या खो खो हसल्या. सारजाबाई सगळ्यांत जास्त.

नसीमताईंनी पाठवायच्या गठ्ठ्यातलं एक दुपटं ठकूबाईच्या मांडीवर ठेवलं. तिने ते चाचपलं नाही. सतरंजीवर अंथरलं, आडवी झाली आणि त्यावर गाल टेकला. मग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गाल दाबत हळूहळू सरकू लागली.

"अहो, हाताने बघा ना! गालात घुसेल," सुदर्शन घाबरून म्हणाला.

"भाऊ, प्वार काय हातावर निजतंय? गाल टेकूनच निजतंय."

हसू कुठल्या कुठे पळालं. अशी तपासणी एवढ्या मोठ्या कंपन्यांनाही कधी सुचली नसती.

चार दुपटी झाली. पाचव्यावर ती थांबली, उठून बसली. गालावर रक्ताचा बारीक थेंब आला होता. दुपट्याला डाग पडू नये म्हणून तिने आधी तो पदराने टिपला. मग दोन बोटांनी सुई ओढून काढली आणि पहिल्या सुईशेजारी ठेवली.

"म्होरलं द्या," ती म्हणाली.

पुढचं दुपटं सुदर्शनने स्वतः अंथरलं.