बांधाचा निकाल

"बांधाचा दावा, श्रीपती विरुद्ध महादू!" तहसील कचेरीतला कारकून ओरडला. "पडद्यावरच्या खेळात ज्याचं यान फुटेल, त्याचा बांध गेला. बसा!"

श्रीपतीचा डावा हात लुळा होता. त्यानं उजव्या हातात जॉयस्टिक धरली. वेगाच्या दांडीवर, थ्रॉटलवर, त्याची पुतणी येऊन बसली.

"रुक्मे, ऊठ तिथनं!" समोरच्या खुर्चीतून महादू गरजला. "मी बाप आहे तुझा!"

"म्हणून काय झालं, आबा? तुम्ही बांध कोरलाय. मी बघितलंय."

खेळ सुरू झाला. महादूचं यान मागं लागलं. रुक्मीनं थ्रॉटल शून्यावर ओढला.

"अगं, थांबलो की आपण!"

"अवकाशात कोण थांबतंय, तात्या? तसंच पळतंय ते. नाक मागं फिरवा."

श्रीपतीनं जॉयस्टिक वळवली. यान उलट्या तोंडानं पळत राहिलं आणि महादू बरोबर नेमात आला. श्रीपतीनं बटणावरचं बोट उचललं.

"भाऊ आहे गं."

"भाऊ खुर्चीत बसलाय. ते नुसतं यान आहे."

त्यानं बटण दाबलं. महादूच्या यानाचे तुकडे पडदाभर उडाले.

"आता घरी येऊ नकोस," महादू गुरगुरला.

"येणार की," रुक्मी उठत म्हणाली. "उद्या बांध परत घालायचाय. पहार तुमचीच लागेल, आबा."